गालावरचं ग्रहण

मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि घरात एकमताने निकाल लागला, "फोटोग्राफरचा फ्लॅश कमी पडला." मीही फोटो पाहिले. कपाळं चकाकतायत, आजीच्या डोळ्यांत लाल ठिपके, प्रत्येकाच्या मागे भिंतीला चिकटलेली काळीकुट्ट सावली. फ्लॅश कमी पडला असता तर फोटो अंधारे आले असते. इथे उजेड भरपूर होता, पण तो आला होता काडेपेटीएवढ्या तोंडातून आणि तोही थेट समोरून.

स्टुडिओवाले असाच दिवा पांढऱ्या छत्रीत उलटा मारतात, नाहीतर सॉफ्टबॉक्स नावाच्या खोक्याच्या पांढऱ्या कापडामागे ठेवतात. त्यात बराच उजेड वाया जातो, तरी चेहरा खुलतो. असं का होतं हे बघायला गालावर एक मुंगी सोडू.

मुंगी नाकाच्या सावलीच्या कडेला थांबून दिव्याकडे बघतेय. दिवा पूर्ण दिसला तर तिच्या पायाखाली पूर्ण उजेड. नाकाआड अख्खा दडला तर प्रच्छाया, म्हणजे गडद सावली. थोडा दिसला, थोडा दडला तर उपच्छाया. थोडक्यात, मुंगीला खंडग्रास ग्रहण दिसतंय, फक्त चंद्राच्या जागी नाक आहे. (खऱ्या सूर्यग्रहणातही सावलीच पडते. तेवढ्याने अन्न बाधतं असं मानणाऱ्यांनी मांडवाच्या सावलीत पंगतीलाही बसू नये.)

आता ही उपच्छाया किती रुंद? नाकाची कड गालापासून 2 सेंटीमीटर वर आहे असं धरू. या 2 सेंटीमीटरना दिव्याच्या रुंदीने गुणायचं आणि दिव्याच्या अंतराने भागायचं. 6 सेंटीमीटर रुंद फ्लॅश 2 मीटरवर असेल तर उत्तर येतं 0.6 मिलिमीटर. सावलीची कड जणू पेन्सिलीने आखलेली. 90 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स 1 मीटरवर आणला की तीच कड 1.8 सेंटीमीटर पसरते. उजेड इतका हळूहळू उतरतो की सावली कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि त्या उताराचीच आपल्याला गालाची गोलाई म्हणून ओळख पटते. सॉफ्टबॉक्स मागे सरकवून 5 मीटरवर न्या, कड सुमारे साडेतीन मिलिमीटरवर येते. दिवा तोच, पण मुंगीला तो लहान दिसू लागला.

म्हणूनच सूर्य प्रचंड असून भर दुपारचे फोटो कठोर येतात. त्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, पण अंतर 15 कोटी. अडीच सेंटीमीटरचं नाणं पावणेतीन मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढाच तो दिसतो. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं.

कपाळाच्या चकाकीमागेही हेच कारण. तेलकट त्वचा थोडीफार आरशासारखी वागते. लहान दिव्याचं प्रतिबिंब म्हणजे एक झगझगीत ठिपका, मोठ्या दिव्याचं तेच तेज पसरून फिकं होतं.

राहिली दिशा. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून अगदी सपाट दिसतो, कारण सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि विवरांच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत. अष्टमीला तीच विवरं उठून दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश प्रत्येक चेहऱ्याची पौर्णिमा करतो. आजीचे लाल डोळे फ्लॅश आणि लेन्सच्या याच शेजाराचे: बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावरून परततो, आणि आल्या वाटेवर लेन्स बसलेलीच असते.

बाजारात फ्लॅशवर चढवायची छोटी प्लॅस्टिकची टोपणं मिळतात, 'सॉफ्ट लाइट'च्या नावाखाली. खोलीत ती उजेड भिंतींवर उडवतात म्हणून थोडी उपयोगी. उघड्या मैदानात मात्र काडेपेटीची फार तर साबणाची डबी झाली, एवढाच फरक.

आमच्या फोटोग्राफरने फ्लॅशचं तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवलं असतं तर भिंतच दिवा झाली असती. पण त्या हॉलच्या भिंती पोपटी, नवरी मुलगी हिरवट आली असती. छत पांढरं होतं, पण नुसता वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणी अंधारतात. आजोबांचं धुवट धोतर दोन पोरांनी बाजूला ताणून धरलं असतं आणि त्यावर फ्लॅश मारला असता, तरी काम भागलं असतं.