वासालोपेत: पलायनाच्या वाटेवरची 90 किलोमीटरची शर्यत

स्वीडनच्या डालार्ना प्रांतात मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला सेलेनजवळून सुमारे 15 हजार स्कीपटू निघतात आणि 90 किलोमीटरवरचं मूरा गाठतात. ही वाट 1520-21 च्या हिवाळ्यातल्या एका प्रसंगावर बेतलेली आहे. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन दुसरा याने नोव्हेंबर 1520 मध्ये स्टॉकहोमला स्वीडिश सरदारांची कत्तल केली. गुस्ताव एरिक्सन वासा या तरुण सरदाराने मूराच्या लोकांना उठावाची हाक दिली. ती ऐकली गेली नाही, म्हणून तो नॉर्वेच्या दिशेने निघाला. पुढे मूराकरांचं मन पालटलं. त्यांनी लार्स आणि एंगेलब्रेक्ट या दोघांना स्कीवरून त्याच्या मागे धाडलं आणि सेलेनजवळ त्यांनी त्याला गाठलं. 1523 मध्ये तो राजा झाला. बारीक तपशील नंतरच्या बखरीतले आहेत, त्यामुळे ते सगळेच जसेच्या तसे धरता येत नाहीत. शर्यत धावते ती मात्र त्याच्या परतीच्या दिशेने.

फेब्रुवारी 1922 मध्ये संपादक अंडेर्स पेर्स यांनी आपल्या वृत्तपत्रात ही कल्पना मांडली आणि 19 मार्चला शर्यत झालीसुद्धा. 22 वर्षांच्या एर्न्स्ट आल्मने ती 7 तास 32 मिनिटं 49 सेकंदांत जिंकली. पुढच्याच वर्षी मार्गित नूर्दिन ही पहिली स्त्री धावली. त्यानंतर लगेच स्त्रियांना बंदी झाली आणि ती 1981 पर्यंत उठली नाही. या शर्यतीच्या इतिहासातला हा सर्वांत लाजिरवाणा भाग.

ही शर्यत क्लासिक पद्धतीची: बर्फात कोरलेल्या समांतर चाकोऱ्यांतूनच जायचं, स्केटिंग, म्हणजे स्की तिरक्या ढकलत जाणं, चालत नाही. पूर्वी सगळी मदार पकडीच्या वॅक्सवर, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणासारख्या लेपावर असे. ते स्कीच्या मधल्या भागात, पायाखाली लावतात. पाय दाबला की बर्फ धरतं, सैल सोडला की स्की घसरते. पहाटेच्या कडक थंडीला योग्य असलेलं वॅक्स दुपारी तापमान शून्याजवळ आलं की पकड सोडतं. उलट क्लिस्टर हे मऊ, चिकट प्रकारचं वॅक्स गार कोरड्या बर्फावर लावलं तर त्याला बर्फाचे गोळे चिकटतात आणि स्की पुढे सरकतच नाही. म्हणून आघाडीचे स्पर्धक आता पकडीचं वॅक्स न लावता, तळाला फक्त घसरणीचं वॅक्स देऊन दोन्ही काठ्या एकदम रोवत संपूर्ण अंतर कापतात. खांदे आणि पोट तयार नसेल, तर सुरुवातीच्या चढावरच हा डाव अंगाशी येतो.

तो चढ जेमतेम 3 किलोमीटरचा, पण सगळे स्पर्धक तिथेच अडतात. रुंद मैदानातल्या चाकोऱ्या अचानक थोड्याच उरतात, मागच्यांचे पाय काठ्यांवर पडतात आणि काठ्या मोडतात. गर्दीत काठ्या अंगालगत धराव्यात, टोकं मागे पसरू देऊ नयेत. कोणत्या गटातून सुटायचं हे आधीच्या शर्यतीतल्या वेळेवर ठरतं. मागच्या गटातल्याने चढावर बरीच मिनिटं उभं राहावं लागणार हे धरूनच पुढच्या थांब्यांचं गणित मांडावं. थांब्यांवर कोमट ब्लूबेरी सूप मिळतं. ते पहिल्या थांब्यापासूनच घोट घोट घ्यावं, कारण भूक लागल्यावर घेतलेल्या साखरेने गेलेली ताकद पटकन परतत नाही.