गोव्याचा बास्केटबॉलपटू आणि व्यावसायिक खेळाची लांबची वाट

गोव्यात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा फुटबॉलमध्ये चमकू लागला, तर पुढे काय करायचे हे घरच्यांना कोणी सांगावे लागत नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, आता एफसी गोवा ही नावे त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असतात. तोच मुलगा उंच निघाला आणि बास्केटबॉलकडे वळला, तर मात्र ‘दहावीला खेळाचे गुण मिळतील’ याच्यापुढे बोलणे सरकत नाही. असे का, हे पाहायचे तर दोन्ही खेळ गोव्यात कोणत्या वाटेने आले आणि त्यांच्यामागे पैसा कोणी उभा केला, हे आधी पाहावे लागते.

फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीत आला. फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने तो आणला असे मानले जाते. पुढे चर्चच्या मैदानांवरून तो गावोगाव पसरला, आणि खाणमालकांनी क्लब काढले तेव्हा खेळाडूला महिन्याचा पगार मिळू लागला. साळगावकर क्लब १९५६ चा, म्हणजे १९६१ च्या गोवामुक्तीच्याही आधीचा. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची स्पर्धा पाहायला तर माणसे लोटायची.

बास्केटबॉलचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी, बाहेर बर्फ असताना आत खेळता यावा म्हणून, तो शोधला. व्यायामशाळेतल्या गॅलरीच्या कठड्याला फळांच्या टोपल्या टांगल्या, जमिनीपासून दहा फुटांवर. ती उंची आजही तीच आहे. भारतात हा खेळ वायएमसीएनेच रुजवला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तिथून बाहेर पडलेले शिक्षक हा खेळ शाळाशाळांत घेऊन गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, तर भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

हे सगळे घडत होते तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. पणजीत १९४६ पासून डॉन बॉस्कोच्या सालेशियन धर्मगुरूंनी मुलांना संध्याकाळी खेळायला जागा दिली, पण महासंघ, राष्ट्रीय स्पर्धा, निवड समित्या ही सगळी व्यवस्था पोळे आणि पत्रादेवी या सीमेवरच्या नाक्यांच्या पलीकडे होती. १९६१ नंतर ती गोव्यात आली ती शाळांमार्फत. आधी तालुका, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. त्यामुळे बास्केटबॉल हा शाळेचा खेळ झाला आणि शाळेबरोबरच संपू लागला. घराच्या आत खेळायला शोधलेला हा खेळ आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उघड्या सिमेंटवर आला, हीदेखील एक गंमतच. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कोर्ट हिरवेगार आणि निसरडे. वर्षाचा तिसरा हिस्सा असा जातो.

मग उर्वरित भारतात या खेळात ‘व्यावसायिक’ म्हणजे कोण? याचे उत्तर अनेक दशके एकच होते: नोकरदार. रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांचे संघ राष्ट्रीय पातळीवर खेळत आणि स्पोर्ट्स कोट्यातून खेळाडूंना कामावर घेत. पदरात पगार पडे, निवृत्तीनंतरची काळजी मिटे. भारतीय पुरुष संघ १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला, आजवर एकदाच, तो याच व्यवस्थेच्या काळात. दक्षिण रेल्वेच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. केरळची गीतू अ‍ॅना जोसही रेल्वेचीच. ती ऑस्ट्रेलियात रिंगवूडकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीला गेलेली पहिली भारतीय ठरली. या व्यवस्थेला नाके मुरडणे सोपे आहे. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणाला सरकारी नोकरी लागते, तिथे तिची किंमत वेगळी असते.

तरी तिची एक खोट आहेच. विसाव्या-एकविसाव्या वर्षी नोकरी लागली की खेळ आणखी वर नेण्याचे कारण उरत नाही. आणि गोव्याच्या मुलाला तर हा आधारही दूरचा. बास्केटबॉलमध्ये देशपातळीवर दबदबा असलेला नोकरी देणारा संघ गोव्यात उभा राहिला नाही. राज्य लहान, त्यामुळे राज्य संघात जागा मिळणे पंजाब किंवा तमिळनाडूतल्या मुलापेक्षा सोपे. पण राष्ट्रीय स्पर्धेत त्याच राज्यांशी गाठ पडली की अंतर दिसते. गोव्यात वर्षभरात तोडीचे सामने फारसे मिळालेलेच नसतात.

चित्र हलले ते २०१० मध्ये. महासंघाने आयएमजी-रिलायन्स या क्रीडा व्यवस्थापन कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. त्यात मोठ्या लीगचे स्वप्न होते. ती लीग काही आली नाही, पण काही मुलामुलींना फ्लोरिडातल्या ब्रॅडंटन येथील अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. त्यांत पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावचा सतनाम सिंग होता. वडील शेतकरी, तेही असेच धिप्पाड, पण त्यांना कोणी खेळू दिले नव्हते. मुलाला त्यांनी लुधियानाच्या अकादमीत पाठवले. अमेरिकेला गेला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत मोठी बास्केटबॉल लीग, आणि तिचे संघ दरवर्षी नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. सात फूट दोन इंचांचा हा मुलगा एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू.

आपल्याकडची बातमी इथेच थांबली. पुढचे बारकावे पालकांनी वाचण्यासारखे आहेत. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतल्यांना कराराची हमी मिळते, दुसऱ्या फेरीतल्यांना ती मिळेलच असे नाही, आणि ५२ वा क्रमांक दुसऱ्या फेरीतला. सतनाम डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सास लेजेंड्सकडून, खेळला. एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. नंतर उत्तेजक चाचणीत सापडल्याने दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याचे कर्तृत्व याने कमी होत नाही. पण ‘निवड झाली’ आणि ‘खेळला’ यांत केवढे अंतर आहे ते यातून कळते.

लुधियानाच्याच अकादमीतून अमृतपाल सिंग निघाला. तो आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉल त्याने बराच उशिरा हातात घेतला, आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचलेला प्रिन्सपाल सिंगही मुळात व्हॉलीबॉलचा. पेडणे, सत्तरी, फोंड्याकडे व्हॉलीबॉल आणि कबड्डी किती जोरात चालते हे आपण जाणतोच. उंच, चपळ पोरे तिथेच असतात. शहरी इंग्रजी शाळांच्या कोर्टांवरच बास्केटबॉलपटू शोधायचे ही सवय मला म्हणूनच आखूड नजरेची वाटते.

प्रिन्सपालची वाट पुढे जास्त आखीव होती. २०१७ मध्ये एनबीएने ग्रेटर नोएडात अकादमी उघडली. तिथून तो ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथील केंद्रात गेला, २०२० मध्ये अमेरिकेतल्या जी लीग इग्नाइट या उमेदवार खेळाडूंच्या संघाशी करारबद्ध झाला आणि २०२१ मध्ये समर लीग ही एनबीएची उन्हाळी स्पर्धा जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूत होता. त्याच चमूत नेमियास केटा होता, जो त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये निवडला गेला आणि पुढे एनबीएत खेळलेला पहिला पोर्तुगीज ठरला. फुटबॉलवेड्या पोर्तुगालला तिथवर पोहोचायला इतकी वर्षे लागली, हे गोव्यातल्या वाचकाने लक्षात ठेवावे. केटा गेला तो अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातून.

पोर्तुगालचा विषय निघालाच आहे तर गोव्यापुरता एक पेच सांगायला हवा. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते आणि अनेकांनी ते घेतले आहे. युरोपात राहून खेळायचे तर त्या पासपोर्टचा उपयोग मोठा. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारतीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, असे केंद्र सरकारने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे हा निर्णय घेताना मुलाच्या निळ्या जर्सीचाही निर्णय होऊन जातो, मग घरात तो केवळ युरोपातल्या नोकरीसाठी का घेतलेला असेना.

देशातल्या लीगांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. यूबीए ही लीग २०१५ ते २०१७ चालली, आठ संघांत पुणे आणि मुंबई होते, गोवा नव्हता. महासंघाची आयएनबीएल २०२२ मध्ये सुरू झाली, सहा शहरांची. त्यातही गोवा नाही. दरम्यान, गोव्यात इमारती मात्र उभ्या राहिल्या. २०१४ च्या लुसोफोनिया या पोर्तुगीजभाषक देशप्रदेशांच्या स्पर्धेसाठी आणि मग २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी. दोन्हींत बास्केटबॉल होता. पावसाळ्याची अडचण नावेली, पेडे, कांपाल इथल्या बंदिस्त स्टेडियमांनी तत्त्वतः सुटते. मुलांना तिथले लाकडी कोर्ट रोज पहाटे किती तास मिळते, यावर बाकीचे ठरेल. तीन विरुद्ध तीनचा प्रकार तर गोव्यासाठीच बेतल्यासारखा आहे: अर्धे कोर्ट, राखीव धरून चार खेळाडू, दहा मिनिटे किंवा २१ गुण. टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. लहान राज्याने बारा जणांचा तगडा संघ जमवण्यापेक्षा चार जण घडवणे केव्हाही आवाक्यातले.

व्यावसायिक खेळाकडे जाणारी बाहेरची वाट सध्या तरी अमेरिकेतल्या विद्यापीठांतून जाते. इग्नाइट संघ २०२४ मध्ये बंद झाला. एनबीएच्या भारतातल्या कार्यक्रमातून आलेली हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात गेली. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळासाठी सोळा मुख्य विषयांचे गुण पाहिले जातात, आणि ते नववीपासून धरले जातात. बारावीनंतर धावपळ करून तो हिशेब भरून निघत नाही. आपल्याकडे अडलेल्याला पास करायला खेळाचे गुण येतात, तिकडे गुण असतील तरच मुलगा कोर्टवर उतरतो. त्यामुळे ज्या पालकाने मुलाला नववीत ‘आधी खेळ, अभ्यास नंतर बघू’ म्हणून मोकळे सोडले असेल, त्याने ही दारे नकळत आपल्याच हाताने लावून घेतलेली असतात.