पाव अंड्याने फुगत नाही

वडापावातला पाव बाजूला सारून नुसता वडा खाणारी माणसं आजही भेटतात. कारण एकच, 'पावात अंडं असतं' ही जुनी समजूत. ती चुकीची आहे. साध्या लादीपावात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडी साखर आणि तेल असतं. यीस्ट साखरेवर जगतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्या वायूने पीठ फुगतं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, तर पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे आंबलेली माडी, वापरायचे! वड्यात बटाटा नि बेसन, सुक्या चटणीत लसूण, खोबरं, तिखट. म्हणजे दूधही वर्ज्य असणाऱ्यांना हा खाऊ चालतो. मात्र काही बेकऱ्या पावावर दूध किंवा बटर फिरवतात, काही गाड्यांवर पाव बटरवर भाजतात. तेवढं आधी विचारून घ्या.