पाय सुजला, पण पिकला आहे का?

तूर काढल्यावर रानात उरलेले धसकट चपलेतून तळपायात घुसले, की संध्याकाळपर्यंत पाय लाल होतो, तापतो, सुजतो आणि ठणकू लागतो. बांधावरून उतरताना घोटा मुरगळलेल्या माणसाच्या पायावरही नेमकी हीच चार लक्षणे दिसतात. परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत पुष्कळदा दोघांनाही ‘इन्फेक्शन’ झाले असे म्हटले जाते आणि दोघेही मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतात. मुरगळलेल्याला त्या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो.

जंतू शरीरात शिरून वाढू लागणे म्हणजे संसर्ग. सूज, म्हणजे वैद्यकाच्या भाषेतला दाह, हे मात्र आपल्याच शरीराचे काम असते. घोळ होतो तो दोन्हींचा पुकारा एकच यंत्रणा करते म्हणून. जन्मजात प्रतिकारयंत्रणेतील भक्षक पेशींना एकेक जंतू वेगळा ओळखता येत नाही. जंतूंच्या अनेक कुळांत समान असलेली आणि आपल्या पेशींत नसलेली रसायने तेवढी त्या हेरतात. कित्येक जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हे असेच एक रसायन असून ते टीएलआर-4 (टोलसारखा ग्राही) या पेशीवरच्या ग्राहीमार्फत ओळखले जाते. फळमाशीतील टोल जनुकावरचे झूल होफमान यांचे 1996 चे काम आणि उंदरांवरचे ब्रूस बॉयटलर यांचे 1998 चे काम यांतून हे उलगडले, आणि 2011 च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

मुरगळलेल्या घोट्यात जंतू नसतात, पण फाटलेल्या पेशींतून एटीपी हे ऊर्जा वाहणारे रसायन आणि मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए बाहेर सांडतो. मायटोकॉन्ड्रिया मुळात प्राचीन जिवाणूंचे वंशज असल्यामुळे त्यांचा डीएनए भक्षक पेशींना जिवाणूसारखाच भासतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. पुढचा क्रम दोन्हीकडे सारखाच चालतो: रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी 1882 साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तेव्हा दुसऱ्या दिवशी भक्षक पेशी जमलेल्या दिसल्या त्या काट्याभोवतीच.

फरक कळतो तो पुढच्या दिवसांत. मुरगळलेल्या पायाची सूज साधारणतः दोन-तीन दिवसांनी ओसरू लागते. संसर्गात ती वाढत जाते, मेलेल्या न्यूट्रोफिलांचा पू धरतो, जांघेत अवधाणाची गाठ येते, कधी ताप चढतो, आणि अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

याच्या उलट प्रकार धनुर्वाताचा. त्याचे बीजाणू शेणामातीत असतात आणि ज्या जखमेतून ते शिरतात ती क्वचितच सुजते, कधी कधी तर भरूनही आलेली असते. घात करते ते मज्जातंतूंवर चालणारे विष. म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे की नाही हे पाय किती सुजला यावरून नव्हे, तर जखम कशी झाली आणि आधीची लस केव्हा घेतली होती यावरून ठरते.