गळती रात्री दोनला सापडते

गोव्यात साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) पाणी विभाग वेगळा काढून पेयजल खातं झालं, तेव्हा आमच्या फोंड्यात जो तो विचारत होता, "आता तरी रोज पाणी येणार?" माझा प्रश्न वेगळा आहे. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून किती पाणी निघालं आणि घरांत किती पोचलं, हा हिशोब लोकांसमोर कधी येणार?

साधं गणित करू. पाइपला ३ मिलिमीटरचं भोक, उडदाच्या दाण्याहून बारीक. आत ३० मीटर उंचीच्या टाकीचा दाब. पाणी सेकंदाला २४ मीटर वेगाने सुटतं आणि दिवसाला सुमारे ९ हजार लिटर वाया जातं. महिन्याला १६ हजार लिटर मोफत देणारी योजना २०२१ मध्ये आली. तेवढं पाणी हे भोक दोन दिवसांत मातीत जिरवतं.

आता खरी गंमत दाबाची. भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. लोखंडी पाइपमधलं गोल भोक तेवढंच राहतं, म्हणून गळतीही वर्गमुळानेच वाढते, म्हणजे दाबाचा घातांक ०.५. प्लास्टिक पाइपची उभी चीर मात्र दाबाबरोबर फाकते, आणि घातांक १.५ पर्यंत चढतो. दाब दुप्पट, तर गळती २.८ पट! रात्री नळ बंद असतात, घर्षणात दाब खर्च होत नाही, तो चढतो, चिरा फाकतात. तेव्हा दाब निम्मा केला तर अशा चिरेची गळती जवळपास एक तृतीयांशावर येते, एकही खड्डा न खणता.

म्हणूनच गळती मोजायची ती रात्री दोन ते चारमध्ये. वाड्याच्या तोंडाशी मीटर बसवा. सगळे झोपलेले असताना काटा धावत असेल, तर ते बहुतेक गळतीचं पाणी. पण पाणी तासांवर सोडलं, तर घरोघरच्या टाक्या रात्रीही भरत राहतात आणि हिशोब बिघडतो. शिवाय रिकाम्या पाइपमध्ये गटाराचं पाणी शिरतं.

एका रात्री लाइनमनने लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हला टेकवून दुसरं माझ्या कानाशी धरलं. गळतीचा सापासारखा फूत्कार ऐकू आला. तळहातावर नारळ उभा करून पाणी शोधणाऱ्यांना आपण पैसे देतो. ही सळई शिकवायला मात्र कुणी बसत नाही.

कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर होतं. तिथल्या सरकारी संस्थेने प्रत्येक जोडणीला मीटर लावले, बड्या थकबाकीदारांचं पाणी तोडलं, गळती शोधणारी पथकं रात्री फिरवली. पुढे हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं. संस्थेची मालकी मुख्यतः सरकारचीच राहिली.