वाघाच्या तिकिटावर जगणारं कबूतर

सहलींचा हंगाम हिवाळ्याचा. तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात पोरांची झुंबड असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर भर दुपारी तिकडं कोण फिरकणार? वाघाला मात्र तेव्हाही मांस लागतं, शिवाय पाण्याचे फवारे, सावली, डॉक्टर. आवक हंगामी आणि खर्च बारमाही, हे प्रत्येक प्राणिसंग्रहालयाचं दुखणं आहे.

सिद्धार्थ उद्यान महापालिकेचं, म्हणून तूट महापालिका सोसते. ना-नफा संस्थेला तो आधार नसतो. ना-नफा म्हणजे शिल्लक उरूच नये असं नाही. उरलेला पैसा कुणाच्या खिशात न जाता प्राण्यांवरच खर्च झाला पाहिजे. आणि शिल्लक लागतेच. २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली, तेव्हा मुख्यतः तिकिटांवर चालणाऱ्या मैसूरच्या प्राणिसंग्रहालयाला लोकांकडे मदत मागावी लागली. तिथली दत्तक योजना त्या वेळी उपयोगी पडली: प्राणी तिथंच राहतो, त्याच्या खाण्याचा ठरावीक काळाचा खर्च तुम्ही उचलता.

प्राणी विकून पैसा उभा करता येत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी हलवताही येत नाही. २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी संभाजीनगरातून मुंबईच्या राणीच्या बागेत गेली, ती रीतसर परवानगीनेच. बंदिस्त वाघ पंधरा-वीस वर्षंही जगतो. म्हणून प्रत्येक बछड्याच्या जन्माआधी त्या सगळ्या वर्षांचा हिशेब व्हायला हवा.

खरी ओढाताण पुढेच आहे. गर्दी खेचणारा प्राणी आणि वाचवायला हवा असलेला प्राणी बहुतेकदा वेगळे असतात. पांढऱ्या वाघापुढे रांग लागते, पण पांढरा वाघ ही काही वेगळी प्रजाती नाही. तो रंग एका जनुकातल्या बदलामुळे येतो, आणि टिकवण्यासाठी नात्यातल्या वाघांचंच प्रजनन केलं जातं. जंगलातल्या वाघांना त्याचा काही उपयोग नाही. याउलट मॉरिशसचं गुलाबी कबूतर पाहायला कोण तिकीट काढेल? १९९० च्या सुमारास ती जंगलात जेमतेम दहा उरली होती. जेरल्ड ड्यूरेल यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयाने आणि मॉरिशसच्या कार्यकर्त्यांनी पिल्लं वाढवून सोडली. आज ती शेकड्यांनी आहेत. असं काम गर्दीच्या प्राण्यांनी मिळवलेल्या पैशातून आणि देणग्यांतून चालतं. मला हा मार्ग योग्य वाटतो, फक्त तो उघड हवा.

संभाजीनगरजवळ मिटमिट्याला सफारी पार्क उभं राहतंय. मराठवाड्याच्या माळरानावर लांडगा आहे, काळवीट आहे. प्रत्येक तिकिटातले किती रुपये त्यांच्या माळरानासाठी जातात, हे तिथल्या तिकीट खिडकीवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असावं.