कायद्यापुढे समानता

सत्तेवर कोणीही असो, कायदा त्यालाही इतरांइतकाच लागू, हे तत्त्व. भारतीय संविधानात ते अनुच्छेद १४ मध्ये येते. तिथे ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, म्हणून परदेशी माणसालाही त्याचा आधार घेता येतो. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही (अनुच्छेद ३६१). पंतप्रधान व मुख्यमंत्री यांना हे कवच नाही.

मराठीत ‘रामशास्त्री बाणा’ म्हणतात तो याच जातीचा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. शिक्षा मात्र झाली नाही. शास्त्रीबुवांच्या निर्भयतेमागे शिक्षा अमलात आणणारी यंत्रणा नव्हती.

स्वतंत्र भारतात कसोटी लागली ती इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात. १९७१ मध्ये रायबरेलीत हरलेल्या राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधान साक्षीला आल्या. त्या आत येताना कोणी उठू नये, न्यायालयात उभे राहायचे ते न्यायाधीशांसाठीच, असे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी आधीच बजावले होते. बसायला खुर्ची मिळाली, उलटतपासणी मात्र चुकली नाही. १२ जूनला निवड रद्द झाली. सिद्ध झालेले गैरप्रकार किरकोळ वाटतात: प्रचारासाठी एका सरकारी अधिकाऱ्याची मदत घेणे, सभेचे व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकांची वीज सरकारी अधिकाऱ्यांकरवी मिळवणे. पण साध्या उमेदवाराची निवड ज्या नियमाने गेली असती, त्याच नियमाने पंतप्रधानांची गेली. निकालाचे मोल यातच आहे.

२५ जूनला आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातले संबंधित कलम रद्द केले. ते समानतेच्या मुळावर येते, हे खंडपीठावरच्या पुण्याच्या न्या. य. वि. चंद्रचूड यांनी ठासून मांडले. तरीही इंदिरा गांधी अपील जिंकल्या, कारण दरम्यान निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला होता. सत्ताधारी कायदा मोडत नाहीत, वाकवून घेतात. या तत्त्वाला खरा धोका तिथून असतो. त्या घटनादुरुस्तीने घातलेला अनुच्छेद ३२९-अ पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने संविधानातून वगळण्यात आला.